खिंडारातली खुर्ची

या, अशा जवळ या. उंबऱ्यात उभं राहून काय बघून राह्यलात? वडीगोद्रीपर्यंत येता, हायवेवर चहा पिता, अन् तिथून आत आमच्या गावात यायचं म्हटलं की तुमचे पाय दुखतात. एवढं परकं करतात का माणसाला? बसा आता. आमच्या सरांबद्दल सांगितल्याशिवाय सोडायची न्हाई मी.

सर म्हणजे गणिताचे सर. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, जो चालण्यावरूनच ओळखू येतो. मार्चच्या उन्हात सर निळी प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर उलटी घालून शाळेमागच्या रस्त्यानं निघायचे. खुर्चीचे पाय आभाळाकडं. लांबून वाटायचं, शिंगं फुटलेलं काहीतरी येतंय.

मी त्याच शाळेत खिचडी शिजवते. लहानपणी शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती इथंच, पातेलं ढवळता ढवळता पोरांच्या पाट्या बघून. एकदा सरांना माझं नाव लिहून दाखवलं. नातीनं काढून दिलेलं समोर ठेवून, चांगलं सुबक. सर म्हणाले, "मावशी, हे बघून काढलंय. आता न बघता लिहा." लिहिलं. काना एकीकडं, मात्रा दुसरीकडं. सरांचा चेहरा खुलला. "हे बराबर. चुकलेलं आणा, पण तुमचं आणा."

वर्गातही तेच. कुणी गाईडातून गणित उतरवून आणलं की सर विचारायचे, "तुझं हाय का रं?" पोरगं खाली बघायचं. "मंग ठेव तिकडं. चुकलेलं आण, पण तुझं आण."

आता आमच्या भिंतीचं सांगते. शाळेच्या मागच्या भिंतीला एक खिंडार होतं. शाळा ते बुजवायची, अन् दहावीचे पेपर जवळ आले की विटा पुन्हा निघायच्या. त्या खिंडारातून कॉप्या आत जायच्या. लांबलांबची पोरं आमच्या गावातून परीक्षेचा फॉर्म भरायची, अशी त्या भिंतीची कीर्ती! लग्नात मामा जसा नवरीच्या पाठीशी उभा राहतो, तसा दहावीला भिंतीशी उभा राहायचा. मामा आला नाही तर रुसवे व्हायचे, खोटं नाही सांगत.

गणिताच्या पेपराला गणिताच्या शिक्षकानं शाळेच्या आवारात थांबायचं नाही, असा नियम आहे. दुसरीकडचे गणिताचे शिक्षक त्या दिवशी घरी झोपतात. आमचे सर खुर्ची घेऊन बाहेरून यायचे अन् बरोबर खिंडारात बसायचे. एकदा पोलीस म्हणाला, "सर, इथं तुम्हाला बी थांबता येत न्हाई."

"मंग उचला मला," सर म्हणाले, "पण तुम्ही बसा माझ्या जागी."

पोलीस हसत हसत चहाला निघून गेला. भरारी पथक यायचं, जायचं. पथकाची गाडी हायवेवरून वळली की गावात आधी फोन वाजायचे. सरांच्या येण्याला फोन लागत नव्हता. ते होतेच तिथं.

मग आमच्या नातीचं दहावीचं वर्ष आलं. पोरगी हुशार, पण भूमिती म्हटली की हातपाय गार. माझ्या लेकानं सांगून टाकलेलं, "पास झाली तर शिकवीन, न्हाईतर सोयरीक ठरवीन." आष्टीकडचं स्थळ येऊन बसलंच होतं. पोरीचं वय ते काय! पण लेक हट्टाला पेटलेला.

भूमितीच्या पेपराला मी सरांना चहा घेऊन गेले, तर लेक तिथं उभा. मुठीत कागद.

"सर, उठा जरा."

"कशाला?"

"तुम्हाला ठावं हाय कशाला. पोरीच्या जिंदगीचा सवाल हाय."

"म्हणूनच बसलोय."

"मी बी असाच पास झाल्तो. तुमच्याच हाताखाली, तवा तुम्ही इथं बसत नव्हता. काय बिघडलं माझं?"

सरांनी वर पाहिलं. अगदी हळू विचारलं, "मंग अकरावी का सोडली रं?"

का सोडली ते मला माहीत होतं. अकरावीच्या वर्गात त्याला फळ्यावरची एक ओळ कळेना, अन् गुणपत्रिकेवर गणिताचे मार्क एवढे भरघोस, की कुणाला विचारायचीही लाज. आज तो हायवेला पंक्चर काढतो. काम वाईट नाही ते. पण त्याला ते करायचं नव्हतं.

त्यानं कागद चुरगाळला. "पोरगी नापास झाली तर पाप तुमच्या माथ्यावर," म्हणाला अन् गेला.

चहावर साय धरली तरी सरांनी कप उचलला नाही. "मावशी," ते म्हणाले, "तिचं काही वाईट झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? पण मी उठलो, तर आत बसलेल्या सगळ्या लेकरांना इतके दिवस काय शिकवलं?"

नात नापास झाली. फक्त गणितात. गावानं सरांना काय काय नाही म्हटलं! कुणीतरी त्यांच्या ओट्यावरच्या खुर्चीचा पाय मोडून ठेवला. सरांनी तो तारेनं बांधला.

अन् दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात आले. लेक "बसा" म्हणाला नाही. सर उभ्यानंच बोलले, "पुरवणी परीक्षेपर्यंत थांब. तेवढं दे मला."

"पुन्हा नापास झाली तर?"

"तर पुन्हा शिकवीन. ती शिकणारी हाय. तूच थकून राह्यला."

लेक आत गेला, अन् सतरंजी आणून अंथरली.

तो सगळा उन्हाळा सर आमच्या पत्र्याखाली बसले. मी शेंगा फोडायचे, नात माझी बांगडी ठेवून वर्तुळं काढायची. चुकायची, खोडायची, पुन्हा काढायची. सर उत्तर कधी सांगायचे नाहीत. फार झालं तर म्हणायचे, "कुठवर आलीस? तिथवर तुझं. आता पुढं बघ."

पास झाली. काठावर, पण झाली. पेढे घेऊन आम्ही दोघी सरांकडं गेलो तर सरांनी पेढा हातात धरला अन् तिला विचारलं, "तुझं हाय का?"

"व्हय सर. चुकलेली गणितं बी माझीच हायत."

तेव्हा कुठं त्यांनी पेढा तोंडात टाकला. डोळे पुसले, ते उन्हानं चुरचुरतात म्हणाले. आम्ही तर घरात बसलो होतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत सर गेले. सकाळी ओट्यावर बसले होते, तिथंच मान कलली. सरांच्या बाई त्यांच्या लेकीकडं राहायला गेल्या. घराला कुलूप, खुर्ची ओट्यावरच. नात आता अंबडला अकरावीला जाते, एसटीनं.

पुन्हा मार्च आला. विटा पुन्हा निघाल्या. गणिताच्या पेपराला मला राहवलं नाही, मागच्या रस्त्यानं गेले. तर खिंडारात निळी खुर्ची ठेवलेली, तारेच्या पायाची. बाजूला माझा लेक, दुकान बंद करून आलेला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "बस माय. पाय कच्चा हाय, हळू बस." अन् स्वतः शेजारी मातीत बसला. थोड्या वेळानं एक मामा आला, आम्हाला पाहून माघारी वळला.

तेव्हा आता कारणं सांगू नका. पुन्हा लवकर या. मार्चात आलात तर घरी शोधू नका, शाळेच्या मागं या, मी तिथं बसलेली असते. चहा पाजीन. फक्त येताना मुठी रिकाम्या घेऊन या.