डोक्याला जड

बोईसरच्या दुकानात मी कितीतरी हेडफोन घालून पाहिले. एकाचा आवाज फार आवडला, पण तो डोक्याला जड वाटला. शेवटी गोड आवाजाचा आणि हलका असा एक मिळाला.

घरी डोळे मिटून गाणी ऐकत होतो. डोळे उघडले, तर दारात रोजची मासळीवाली उभी, भरलेली पाटी डोक्यावर तशीच. ती उतरवायला रोज माझा हात लागतो.

"हाक मारायची ना," मी म्हणालो.

"मारली. तुमी गान्यात होते. म्हटलं, संपू दे."

दोघांनी मिळून पाटी खाली ठेवली. चुंबळ काढून तिने मान चोळली आणि माझ्या गळ्यातल्या हेडफोनकडे बोट दाखवलं.

"डोक्याला जड नाय ना होत?"

"नाही," म्हणालो, आणि तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून पाटीतले बोंबील निवडत बसलो.