काकूंच्या स्वयंपाकघरातून निघालेली बाईक

वारजे ते कसबा पेठ हे अंतर प्रवासवर्णन लिहिण्याएवढं नाही, हे मान्य. पण गेल्या रविवारी माझा खरा प्रवास गाडी विकणाऱ्या पोटे काकांच्या खोलीपासून गल्लीपर्यंतचा होता, आणि तेवढ्यातच माझी पार वाट लागली.

गेली कित्येक वर्षं मी जिच्या मागे आहे ती परदेशी टू-स्ट्रोक स्पोर्ट बाईक चक्क पुण्यातच निघाली. मूळ रंग, आता कुठेही न मिळणारं पुढचं प्लास्टिकचं कवच म्हणजे फेअरिंग शाबूत, आणि मीटरवरचा आकडा फक्त तीन अंकी. मीटर मागे फिरवलं असणार, अशी माझी खात्री. फोनवर पोटे काका म्हणाले, "फिरवायला गाडी आधी बाहेर तरी निघायला पाहिजे ना." तेव्हा मला काही कळलं नाही.

तुम्ही असं काही बघायला पेठेत जाणार असाल तर स्वतःचं वाहन नेऊ नका. मी वनाजहून मेट्रो पकडली, जिल्हा न्यायालयाला बदलली आणि कसबा पेठेत उतरलो. तिकीट नंतर खाल्लेल्या पोहे-चहापेक्षा स्वस्त पडलं. टेम्पोही आधीच ठरवा. तो गल्लीच्या तोंडाशीच थांबतो.

काकांनी गाडीवरची चादर काढली. मी इंजिनावरचा आणि चासीवरचा नंबर आरसीशी ताडून पाहिला. जुन्या आयात गाडीत पहिली फसवणूक तिथेच होते, म्हणून हे विसरू नका. सगळं जुळलं. मग टाकीवर हात ठेवला आणि खरं सांगतो, तो काढावासाच वाटेना.

"बाहेर कशी काढायची?" मी विचारलं.

काकांनी बोट दाखवलं. त्यांचं घर मागे, गल्लीला लागून शिर्के काकूंचं, आणि बाहेर जायला कडेने एक सामायिक बोळ. गाडी आली त्याच वर्षी काका महिनाभर गावाला गेले. परत आले तर काकूंनी बोळात लोखंडी जिना बसवला होता. आता तिथून माणूस अंग चोरून जातो, बाईक नाही. काकांनी तक्रार केली, काकूंनी तेव्हापासून बोलणं टाकलं, आणि गाडी आत राहिली ती राहिलीच.

"सुटे भाग करून नेली तर?"

"संध्याकाळी मुंबईहून एक जण त्यासाठी पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊनच येतोय. त्याआधी निघाली तर तुमची, नाहीतर त्याची."

इतकं जुनं प्लास्टिक उघडायला गेलं की तडकणारच. उरला एकच रस्ता: मधल्या अंगणातून काकूंचं स्वयंपाकघर, मग बाहेरची खोली, मग गल्ली.

"तुम्ही विचारा," काका म्हणाले. "मी बोलत नाही."

काकू मागच्या दाराशीच पोळ्या लाटत होत्या. "काकू, एक विनंती..."

"ऐकलंय सगळं. भिंत एकच आहे." लाटणं थांबलं नाही. "त्यांना सांगा, फरशीवर तेलाचा थेंब सांडला तर गाडी इथेच राहील."

काका माझ्या मागेच उभे होते. "त्यांना सांगा, टाकी कोरडी आहे."

"त्यांना म्हणावं, मला ऐकू येतं."

शेवटी काकूंनी पोळपाट बाजूला केला आणि फ्रिजच्या कोपऱ्यावर गोधडी टाकली. मी ती परवानगी समजलो.

हँडल माझ्याकडे, मागे टेम्पोवाला, उजव्या बाजूला काका. ओटा आणि फ्रिज यांच्यामधून जाताना दोन्हीकडे तळहाताएवढीही जागा नव्हती. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. बाहेरच्या खोलीचं दार आलं. चौकटीला लोखंडी कडी होती, बरोबर फेअरिंगच्या उंचीवर, आणि मला ती दिसत नव्हती.

"अहो पोटे, कडी!" काकू मागून म्हणाल्या. "तुमच्या बाजूला!"

काकांनी कडीकडे बघायचं सोडून काकूंकडे बघितलं. "कुठं, वहिनी?"

कर्र.

करंगळीएवढा ओरखडा, थेट खालच्या पांढऱ्या प्लास्टिकपर्यंत. मला रडू यायचं बाकी होतं, आणि काकांचा भयंकर राग आला. त्यांचं ओरखड्याकडे लक्षच नव्हतं. ते अजून काकूंकडेच बघत होते.

"बघताय काय, ढकला," काकू म्हणाल्या. "पोळी करपतेय."

संध्याकाळी वारज्याला, पार्किंगमध्ये, मी मोबाइलच्या उजेडात तो ओरखडा पुन्हा पुन्हा पाहत होतो. संग्राहक गाडीत आधी हेच शोधतात. सगळं जसंच्या तसं हवं म्हणून मी वर्षानुवर्षं थांबलो होतो, आणि ते एका दारात गेलं. पश्चात्ताप नाही, पण दुखतंय, हे खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात काकांचा फोन आला. "नीट पोचली का? वहिनी विचारतायत."

"मी नाही विचारलं," फोनमध्ये मागून काकूंचा आवाज आला. "फरशीवर चाकाचा पट्टा उठलाय, तो पुसायला कधी येताय, ते विचारा."

"रविवारी येतो," मी म्हणालो.

"वहिनी, रविवारी येतायत."

"मग फडकं आणा म्हणावं. आणि जेवून येऊ नका."