मटाराची सालं आणि गाळलेली ओळ

मेंढ्यांना पर्यायी खाद्य काय द्यावं, यावर मी आठ पानांची पुस्तिका केली आहे. मेंढीला एकदाही हात न लावता. मी सरकारी खात्याच्या प्रकाशन विभागात होते आणि तिथे मेंढी फायलीतूनच यायची. भाताचा पेंढा, तुरीचा भुसा, भुईमुगाचा पाला, मटाराची सालं. पिकाचं उरलंसुरलं वाया घालवू नका, असं अख्ख्या महाराष्ट्राला बजावून मी निवृत्त झाले आणि दादरहून मीरा रोडला राहायला आले.

आमच्या सोसायटीपासून दहा मिनिटांवर, हाटकेश भागातल्या कारखान्यांच्या गाळ्यांमागे, एका आगरी मावशीचं जुनं घर आहे. पुढे भातशेतीचा शेवटचा तुकडा, बाकीच्या शेतावर टॉवर. त्या हिवाळ्यात घाटावरच्या एका मेंढपाळाने लंगडी झालेली गाभण मेंढी तिच्याकडे ठेवली. परत वर जाताना नेतो म्हणाला, आणि मी सांभाळते असा शब्द मावशीने दिला. पण आमच्याकडे गवत फक्त क्लबहाऊससमोर उगवतं.

"पोटान पोर हाय तिच्या, नुसत्या पेंढ्यावर कशी र्‍हानार?" मावशी म्हणाली. माझ्यातला प्रकाशन विभाग खडबडून जागा झाला. मी माळ्यावरून पुस्तिका काढली आणि तिला सगळी वाचून दाखवली. तिने देवळात पोथी ऐकावी तशी ऐकली आणि ठेवून घेतली.

जानेवारी होता, घरोघरी मटार सोलणं चालू होतं. सोसायटीच्या ग्रुपवर मी फर्मान काढलं, "मटर के छिलके मत फेंको, भेड़ के लिए चाहिए." कचरा वेगळा करा म्हणून वर्षभर कानीकपाळी ओरडून जे जमलं नव्हतं, ते मेंढीच्या नावाने एका दिवसात जमलं. रविवारी दारात पाच पिशव्या! तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण तर म्हणाली, "आंटी, कितना पुण्य का काम कर रही हो!" मला ते पटलंच होतं.

पिशव्या घेऊन रिक्षाने गेले, तर मावशी केबिन रोडला बाजारात गेलेली. पुण्याला उशीर कशाला, म्हणून मीच पाचही पिशव्या मेंढीपुढे ओतल्या. ती अशी तुटून पडली की मला लेखनाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. ते बघत मी ओट्यावरच बसून राहिले.

मावशी परतली तोवर मेंढीची डावी कूस ढोलासारखी फुगली होती. ती धापा टाकत होती.

"काय घातलास गो हिला?"

"पुस्तिकेत आहे तेच."

मावशीने पुढे काही ऐकलं नाही. मेंढीचे पुढचे पाय पायरीवर चढवले, मला मान धरायला लावली आणि बाटलीने गोडेतेल थोडं थोडं पाजत पोट चोळत राहिली. मेंढीला माझा पहिला स्पर्श झाला तो असा. मला भयंकर काळजी वाटत होती, तिच्या पोटातल्या पिल्लाची आणि मावशीने दिलेल्या शब्दाची. किती वेळ गेला कोण जाणे. मग मेंढीने लांबलचक ढेकर दिला, पुन्हा एक, आणि मला रडू आलं.

हात पुसत मावशी म्हणाली, "नवा खाना हलूहलू वाढवाचा आसतो, बाय. ह्या कागदान ता लिवला न्हाय?"

मूळ मजकुरात होतं. शेवटची ओळ होती, "नवीन खाद्य थोडं थोडं वाढवत न्यावं." ती नवव्या पानावर जात होती. पानं आठच मंजूर होती, म्हणून मीच ती गाळली. पहिल्या पानावरचा खात्याच्या साहेबांचा फोटो मात्र गाळता येत नव्हता. हे सगळं मी तिला सांगून टाकलं.

मावशीने पुस्तिका उघडून फोटो नीट पाहिला. "ह्यानी मेंढी पालली होती?"

"नाही."

"आनि तू?"

मी तेलाची रिकामी बाटली धुवायला घेतली.