खंडेनवमीचा नारळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही म्हणतात. मग तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. शेळके साहेबांची आठवण काढल्याशिवाय घास उतरत नाही, एवढं खरं. घरातला तांदूळ त्यांच्याच शेतातला आहे.

चाकणच्या एका कंपनीत मी परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करतो. आम्ही वायरलेस सेट बनवतो. काही सेटांत एन्क्रिप्शनची चिप असते — दोघांचं बोलणं तिसऱ्यानं पकडलं तरी त्याला कळत नाही. असा माल देशाबाहेर पाठवायचा तर आधी सरकारी परवाना लागतो, कारण तो कुणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. अर्जात सरळ प्रश्न असतो : मालात एन्क्रिप्शन आहे का?

नऊ वर्षांपूर्वी मी तिथं नवा होतो. कामाची रीत अशी, की जुनी फाइल उघडायची, मॉडेल नंबर आणि तारीख बदलायची, प्रिंट काढायची. मग शेळके साहेबांची सही. ते डिस्पॅचचे प्रमुख, तळेगावच्या पलीकडच्या गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. मला काम त्यांनीच शिकवलं, पोटच्या पोरासारखं. "तू बगितलंस न्हवं? मग झालं," म्हणायचे आणि सही करायचे.

खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली, की झेंडूच्या माळा घातलेला एक ट्रक गेटबाहेर काढतात. चाकापुढं नारळ फोडायचा मान साहेबांचा. त्या वर्षी त्या ट्रकात माझा माल असावा, ही माझी हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात — असतं हो, पण ते दुसऱ्यानं भरलं.

दोन दिवस आधी इंजिनिअरिंगकडून फाइल आली. वर पिवळी चिठ्ठी : 'नव्या मॉडेलमध्ये चिप आहे, परवाना घ्यावा.' मी ती वाचली. नीट वाचली. परवान्यात कित्येक आठवडे गेले असते. मी चिठ्ठी फाइलच्या तळाशी सरकवली आणि जुन्या अर्जातलं 'नाही' तसंच राहू दिलं. साहेबांनी नेहमीसारखी सही केली.

ट्रक वाजतगाजत गेला आणि बंदरावर तपासणीत चिप सापडली म्हणून कस्टमनं माल अडवला. चौकशी बसली. त्या सकाळी साहेबांनी माझ्याकडून फाइल मागून नेली होती. इंजिनिअर बाई म्हणाल्या, "मी चिठ्ठी लावून पाठवली होती." तेवढ्यात साहेबांनी खिशातून तीच चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "माज्याकडं आली व्हती. मीच इसरलो."

मी काय केलं? गप्प बसलो.

नंतर पार्किंगमध्ये ते एवढंच म्हणाले, "तुला लई वर्सं काढायचीत, माजी दोनच राहिलीत. फुडं वाचून काम कर, बाबा." त्यांचा सहीचा अधिकार गेला. त्यांना भंगाराच्या शेडमध्ये बसवलं. नारळाचा मानही गेला, आणि पुढच्या खंडेनवमीला ते सगळ्यांच्या मागं उभे होते.

इथंच थांबावं असं वाटतंय. गप्प बसलो, घाबरलो — एवढं तर कुणीही कबूल करेल. पण साहेबांना विसरभोळा म्हणून चिडवायला कँटीनमध्ये सुरुवात कुणी केली, माहितीये? मी. भरल्या टेबलावर मी विचारलं, "साहेब, डबा आणलाय ना, की तोही विसरलात?" सगळे खो खो हसले. का बोललो मी? कुणाला संशय येऊ नये म्हणून? साहेबही हसले. डबा उघडला आणि त्यातला इंद्रायणीचा भात आधी माझ्या ताटात वाढला.

देवमाणूस हो! माझी नोकरी, रावेतचा फ्लॅट, पोरीची शाळा — सगळी त्यांची कृपा. आज चिपचा माल असला की परवाना हातात आल्याशिवाय मी ट्रक हलू देत नाही. हाताखालचे वैतागतात, वैतागोत बापडे. ही शिकवण साहेबांची. रिटायर झाले तरी दरवर्षी तांदळाचं पोतं धाडतात. असा माणूस वाट्याला यावा असं काय पुण्य केलं होतं मी?

यंदा नारळ फोडायला मला सांगितलं. मी फोडला. खोबऱ्याची एक वाटी घेऊन साहेबांच्या गावी गेलो. ओसरीवर बसले होते. वाटी हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितली. "सरळ फुटला का रं?"

"हो, साहेब."

किती खूश झाले! तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या आणि हसत म्हणाल्या, "मामांना आता काय बी ध्येनात ऱ्हात न्हाई. कंपनीत बी तसंच झालं व्हतं म्हनं ना, भाऊ?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. खोबऱ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

मी "हो" म्हणालो, आणि खोबरं खाल्लं.