पद्माक्का आधी नख दाबायची

पद्माक्का कासारीण बांगड्या दाखवायच्या आधी बाईचं नख दाबायची. दाबलेलं नख पांढरं व्हायचं आणि सोडल्यावर लाली किती वेळानं येते, ते बघत बसायची. बाई म्हणायची, "अक्का, हिरव्या दावा की." अक्का म्हणायची, "दावते. आदी तू किती उरलीयास ते बगू दे."

मग भर सोप्यात मोठ्यानं विचारायची, "पाळी कवा आलीवती? लय जातंय का?" एरवी बोलावूनही गोठ्याकडं न फिरकणारे माझे दीर तेवढ्यात शेण काढायला पळायचे. पद्माक्का आली की आमच्या गुरांची चंगळ व्हायची.

तिची थोरली लेक बाळंतपणानंतर रक्त जाऊन जाऊन वारली. सासरच्यांनी शेजारीसुद्धा कळू दिलं नाही. अब्रू राहिली, लेक राहिली नाही. तेव्हापासून अक्काचा आवाज चढला, तो उतरलाच नाही.

माझंही महिन्यातले वीस दिवस जायला लागलं. मी चौथी शिकलेली, त्यात लाजरी. कुणाला सांगणार? घरात काळजी नव्हती असं नाही. माझ्यामुळं औंधच्या यमाईला जायचं तीनदा राहिलं, म्हणून सासूबाईंचा जीव तुटत होता. आमचे मालक फौजेतून आलेले. बर्फातल्या चौकीच्या गोष्टी अख्ख्या गावाला सांगत. एकदा धीर करून त्यांना म्हटलं, "मला लय जातंय." त्यांनी पेपर तोंडापुढं धरला आणि हुकूम दिला, "बायकांचं बायकांत बघा."

पुतणीचा साखरपुडा चार दिवसांवर आला, तेव्हा अक्का घरच्या बायकांना बांगड्या भरायला आली. माझ्या जुन्या तिनं उतरवल्या. माझं माप दोन-सहाचं. ती बांगडी न दाबताच मनगटात गेली. त्याहून लहान दोन-चारचीही तशीच गेली. अक्कानं ती काढून घेतली आणि नख दाबलं. लाली येईचना.

"किती म्हैनं झालं?"

मी सासूबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "आगं, वय झालं की व्हतंच. हळू बोल, पाव्हणं बसल्यात."

"आवं काकी, हळू बोलूनच माजी लेक गेली." अक्कानं पेटी मिटली. "हिला भरत न्हाई. दवाखान्याचा कागद दावा, मग भरीन."

सासूबाई चिडून म्हणाल्या, "विट्यातनं आणू."

"आणा की. हातात ऱ्हातील तेवडं बगा."

विट्यातनं आणलेल्या बांगड्या भांडी घासताना मोरीत घसरल्या आणि फुटल्या. आता सवाष्णीचे हात उघडे! व्याही बघतील, काय म्हणतील? माझ्या रक्तानं जे झालं नव्हतं, ते उघड्या मनगटांनी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मालकांनी गाडी बोलावली.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पिशवीत गाठ आहे, अंगात रक्त राहिलेलं नाही, आणखी थांबला असता तर हाती काही लागलं नसतं. "कधीपासून जातंय?" त्यांनी मालकांना विचारलं. बर्फात पहारा दिलेला माणूस भिंतीवरच्या पंख्याकडं बघत राहिला. मीच सांगितलं, "सात महिने." मग रक्ताच्या पिशव्या चढल्या, ऑपरेशन झालं. साखरपुडा माझ्याविना झाला आणि छान झाला म्हणे.

सासूबाईंनी पाहुण्यांत सांगितलं, पित्ताचा खडा काढला. पुतणीच्या लग्नाआधी अक्का माझा हात धरून बसली, तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं. मी म्हटलं, "खडा न्हवता. पिशवीत गाठ व्हती." अक्कानं दोन-चारच्या बांगड्या दाबून दाबून भरल्या. हात दुखला, बरं वाटलं.

यंदा ती लेकाकडं साताऱ्याला कायमची गेली. जाताना म्हणाली, "माजे डोळे गेले. नख आता तू बगत जा."

परवा पुतणी माहेरपणाला आली. मी तिचा हात धरला, नख दाबलं. लाली यायला वेळ लागला. विचारलं, "पाळी कवा आलीवती?" सोप्यात मालकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मीही वाढवला.