भाऊंच्या गाडीवरचा दुपट्टा

मी मिलच्या फाटकातून आत येईस्तोवर एका माणसाने खांद्यावरचा दुपट्टा काढून अर्धं बोनेट पुसून टाकलं होतं. तेही कोरडं. मी धावत गेले आणि त्याचा हात धरला. तो दचकून म्हणाला, "काऊन बाई? धूळ पुसून राहिलो."

गाडी भाऊंची. भाऊ म्हणजे नवेगाव बांधच्या बाजूचे राईस मिलवाले, आणि धान विकणाऱ्या शेतकऱ्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष. सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. गाडी काळी, मोठी, नवीकोरी. माझं गोंदियात कार डिटेलिंगचं दुकान आहे. डिटेलिंग म्हणजे गाडीच्या रंगाची निगा राखणं. लोक मला 'गाडी धुणारी बाई' म्हणतात आणि मला दर वेळी राग येतो. भाऊंच्या गाडीला मीच सिरॅमिक कोटिंग केलं होतं. ऊन आणि धुळीपासून जपायला रंगावर काचेसारखा एक पातळ थर बसवतात, ते कोटिंग. मागच्या काचेवर माझ्या दुकानाचं स्टिकर होतं. ही गाडी गावोगाव फिरणार, चमकणार आणि माझं नवं दुकान चालणार, एवढा साधा माझा बेत होता.

आणि भाऊंचा फोन आला होता. "ताई, तुमचा लेप उतरला."

लेप उतरला नव्हता. पण उन्हात बोनेटकडे पाहिलं तर गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं दिसत होतं. आम्ही त्यांना स्वर्ल मार्क्स म्हणतो. मिलच्या भट्टीत धानाची टरफलं जाळतात. त्याची राख उडते आणि अंगणभर बसते. बोटाला ती पावडरसारखी मऊ लागते, रंगाला मात्र ती काचपेपर. आधी पाण्याच्या फवाऱ्याने ती उडवायची, मग शाम्पू, मग मऊ कापड, आणि सगळं सावलीत. हे सगळं मी ड्रायव्हर हिवराजला लिहून दिलं होतं.

"गाडी कोण पुसतं रे?" मी त्याला विचारलं.

"कोन नाई पुसत ते विचारा, म्याडम."

मी आंब्याखाली बसून बघत राहिले. भाऊ पुढच्या पडवीत, म्हणजे छपरीत, खुर्चीवर होते, गाडीकडे तोंड करून. लोक आपापली कामं घेऊन येत होते. भाऊ फोनवर असले की आलेला माणूस गाडीपाशी जायचा, दुपट्टा काढायचा आणि पुसायला लागायचा. एकाने पुसलेलं दुसरा पुन्हा पुसायचा. एक आजोबा लखलखीत दारावर तोंडाची वाफ सोडून ते परत घासत होते. माझा जीव तीळ तीळ तुटत होता.

"नमस्कार तं सारेच करते," हिवराजने समजावलं. "पुसलेलं भाऊच्या ध्यानात रायते."

मी भाऊंकडे गेले. "भाऊ, हे पुसणं बंद करा. रंग चालला."

"निवडनुकीच्या टायमाले लोकायले म्हनू, माह्या गाडीले हात लावू नोका?"

"मग गाडी जाईल."

"अन् गाडी राहिली तं इलेक्शन जाईल." भाऊ शांतपणे म्हणाले. "तुमीच कायतरी करा ताई. कोटिंग कोनी केलं म्हनून लोकं विचारते, तं मी तुमचंच नाव सांगतो."

ही ओरबाडलेली गाडी माझं स्टिकर मिरवत जिल्हाभर फिरणार होती.

मी गाडी दुकानात नेली, मशीनने पॉलिश करून ओरखडे काढले, नव्याने कोटिंग केलं आणि सोबत एक पाटी दिली: 'गाडीला हात लावू नये.' दुसऱ्याच दिवशी भाऊंचा फोन. आवाज चढलेला. पाटी वाचून एक जण म्हणाला होता, "भाऊले आता आमचा हात चालत नाई काऊन?" आणि तडक विरोधी उमेदवाराच्या घरी जाऊन त्याची गाडी पुसून आला होता. पाटी उतरली.

मग भाऊंनी स्वतःच्या डोक्याने कव्हर आणलं. डिटेलिंगवाल्यांना धुळकट गाडीवरच्या कव्हरचा राग का येतो, तर आत अडकलेली राख वाऱ्याने रंगावर घासत राहते. इथे वाऱ्याची गरजच पडली नाही. लोक कव्हर पुसू लागले.

मी पुन्हा पॉलिश केलं. प्रत्येक पॉलिशला रंगाचा थोडा थर जातो. अजून एकदोनदा असं झालं असतं, तर मलाच तो पत्रा उघडा करावा लागला असता.

मिलमागे भाऊंची जुनी जीप पडली होती. इंजिन नव्हतं, सीटमध्ये कोंबडी अंडी घालायची. मी ती ढकलून अंगणात आणवली. म्हटलं, पुसा हिला. कोणी ढुंकून बघेना. सगळे काळ्या गाडीकडेच.

नीट पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं. पुसायच्या आधी प्रत्येक जण एकदा भाऊंकडे बघत होता. भाऊ बघतायत ना, एवढंच. मी छपरीत गेले आणि म्हटलं, "भाऊ, जरा उठा." ते उठले. मी खुर्ची फिरवून जीपकडे केली. काळी गाडी त्यांच्या पाठीमागे गेली.

"पन ताई, माही गाडी मले दिसाची नाई."

"तुम्ही तिच्यात बसता तेव्हा तरी कुठे दिसते?"

भाऊ बसले. फाटकातून एक माणूस आला, काळ्या गाडीकडे वळला, भाऊंच्या नजरेकडे बघून थबकला आणि दुपट्टा काढत जीपकडे गेला. संध्याकाळपर्यंत जीपचं टपसुद्धा चकचकीत होतं. कोंबडीने जागा बदलली.

भाऊ निवडून आले. मला वाटलं, सुटले.

पावसाळ्याआधी पुन्हा फोन. "ताई, जीपले कोटिंग करून द्या. लोकायनं पुसू पुसू पत्रा काढला."

मी गेले. जीप पार घासली गेली होती. काळी गाडी मात्र खुर्चीमागे उभी होती, एकही ओरखडा नसलेली, आणि राखेखाली इतकी गडप झालेली की तिचा रंग कोणता ते सांगता आलं नसतं. माझं स्टिकर तर कुठेच दिसत नव्हतं. मी हिवराजला विचारलं, "हिला फवारा का मारत नाहीस?"

"मी जीप पुसतो ना, म्याडम," तो म्हणाला. "भाऊ पायते."

मी जीपला कोटिंग केलं आणि स्टिकर तिच्या पुढच्या काचेवर लावलं. आता गिऱ्हाइकं येतात आणि म्हणतात, भाऊच्या जीपले लावलं तेच लावा. मी लावून देते. पण पूर्वी मी आधी विचारायचे, गाडी सावलीत असते की उन्हात. आता विचारते, गाडीसमोर खुर्ची कोणाची असते.