आईचे श्वास कोणी मोजले?

भुतंखेतं, भास... असल्या गोष्टींना मी कधी हिंग लावून विचारलं नाही. स्वभावच संशयी. भाजीवाल्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही, तर भुतावर कुठून बसणार? पण हे मला अजून पचलेलं नाही.

मी मूळची निपाणीची. बंगळूरला जयनगरमधल्या एका हॉस्पिटलात क्वालिटी विभागात आहे – नाव विचारू नका. आमच्या इमर्जन्सीत न्यूमोनियाचा पेशंट किती गंभीर आहे, हे डॉक्टर नुसतं बघून ठरवायचे. मिनिटाला श्वास तर सगळ्यांचे 'वीस'च लिहायचे! म्हातारा असो की पोरगा, वीस! म्हणून आम्ही नियम केला: पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे, पेशंट भानावर आहे का बघायचं, वय-बीपी-रक्ततपासणी धरून पॉइंट द्यायचे. पॉइंट जास्त तर अ‍ॅडमिट, नाहीतर घरी.

नियम पाळल्याचे आकडे सुधारले. जरा जास्तच सुधारले, म्हणून मला वाटलं, नर्सेस श्वास मनानेच लिहिताहेत. त्यात आनेकलचे एक पेशंट आजोबा म्हणाले, "त्या अक्कानं पोटावर हात ठेवून किती वेळ मोजलं!" मी शोभा सिस्टरला गाठलं. ती हसली. "पोटावर हात? नमगे टाइम एल्लिदे, मॅडम? आम्हाला कुठला वेळ! लांबूनच छाती बघून मोजतो." आजोबांना पढवलंय, असं मी धरून चालले.

मग एका दुपारी माझ्या आईलाच ताप-खोकल्यानं तिथे आणावं लागलं. तरुण डॉक्टरांनी बघितलं. श्वास – वीस! पासष्टीपुढचं वय सोडलं तर पॉइंटच नाही. "गोळ्या देतो, घरी न्या." मी रिक्षा बोलवायला बाहेर गेले. परत येऊन पडदा सारला, तर आई उठायलाच तयार नाही.

"ती अक्का जाऊ नको म्हणाली की गं. पोटावर हात ठेवून मोजलं तिनं. बत्तीस म्हणाली."

"कोण अक्का?"

"आत्ता गेली बघ की, तुझ्या शेजारनंच."

माझ्या शेजारून कुणीही गेलं नव्हतं! डॉक्टरांनी ते ऐकून 'भानावर नाही' म्हणून एक पॉइंट दिला. मी भांडून त्यांना पूर्ण मिनिट मोजायला लावलं, मीही मोजलं. बत्तीस. तिसाच्या वर, म्हणजे आणखी एक पॉइंट.

आई अ‍ॅडमिट झाली. संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन इतका घसरला की आयसीयूत हलवावं लागलं. घरी नेली असती तर... नको तो विचार. वाचली, बास.

मी गप्प बसणारी नाही. कॅमेरा पाहिला – मी बाहेर असताना पडद्याआड कुणी गेलंच नाही. शोभा सिस्टर तेव्हा दुसऱ्या पेशंटजवळ होती. आईने स्वतः मोजले म्हणावं, तर तिला या नियमाचा पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणतात, तापातला भ्रम. मग भ्रमातला आकडा तंतोतंत कसा?

आई घरी आल्यावर विचारलं, दिसायला कशी होती? "तोंड कुठलं बघतीय मी? जीव घाबरला होता माझा. तू नव्हतीस जवळ, ती होती."

हे ऐकून मी रडले. उत्तर अजून सापडलेलं नाही. कुणाचे तरी आभार मानायचे राहिलेत, आणि कुणाचे, तेच मला कळत नाही.